जुन्या नाण्याचं नुसतं साल छापू नका, कंडिशनही छापा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

"घरात हे नाणं असेल तर तुम्ही लखपती" या छापाच्या बातम्या हल्ली पेपरांत आणि त्याहून जास्त पेपरांच्या वेबसाइटवर सारख्या दिसतात, त्याबद्दल हे पत्र. जरा लांबलंय, जागा नसेल तर कापा, पण एक मुद्दा तेवढा ठेवा. त्या बातमीत नाण्याचं साल असतं, फोटो असतो, लाखांतला आकडा असतो, पण ते नाणं कुठल्या कंडिशनमध्ये होतं याबद्दल एक अक्षर नसतं. आणि जुन्या नाण्याची कंडिशन सांगितली नाही तर बाकी सगळं सांगूनही वाचकाला काही कळत नाही, उलट त्याचं नुकसान होतं.

मी बऱ्याच वर्षांपासून ब्रिटिश अमदानीतले चांदीचे रुपये जमवतो, थोड्या शिवरायाही, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी, आहेत. आजूबाजूला हे माहीत असल्यामुळे लोक नाणी दाखवायला येतात, दिवाळीच्या सुमारास जास्तच, कारण लक्ष्मीपूजनासाठी देवघरातला डबा उघडला जातो आणि आजी-पणजीचे रुपये बाहेर निघतात. त्यात अशी एखादी बातमी आली की फोन सुरू, "काका, आमच्याकडे १८६२ चा राणीछाप आहे, किती येतील?" फोनवर याचं उत्तर देताच येत नाही. आणि माणूस प्रत्यक्ष नाणं घेऊन येतो तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो, कारण बातमीतल्या फोटोतलं नाणं चकाचक दिसत होतं म्हणून यानेही येण्याआधी आपलं नाणं चिंचेनं, लिंबानं नाहीतर टूथपेस्टनं घासून लख्ख करून आणलेलं असतं. घरातल्या लोकांनी शंभर-सव्वाशे वर्षं सांभाळलेली वस्तू बातमी वाचल्यावर दहा मिनिटांत खराब होते, आणि ती परत कशानेही नीट होत नाही. मला याचं खरंच फार वाईट वाटतं.

आधी सालाचा घोळ सांगतो. १८६२ बघून वाटतं की दीडशे वर्षांहून जुनं म्हणजे दुर्मिळ असणारच. पण व्हिक्टोरिया राणीच्या त्या रुपयावर १८६२ हीच तारीख पुढे १८७४ पर्यंत चालू ठेवली होती, तेवढ्या सगळ्या वर्षांत पाडलेले रुपये एकाच सालाचे दिसतात आणि ते अफाट संख्येनं निघाले. नेमकं कुठल्या वर्षी पाडलं ते बारीक ठिपक्यांच्या खुणांवरून ओळखायचा प्रयत्न जाणकार करतात, तो वेगळाच अभ्यास आहे. तर १८६२ चा हातोहात फिरून झिजलेला रुपया, ज्याच्यावर राणीच्या मुकुटातले खडे सपाट झालेत आणि झग्यावरची वेलबुट्टी पुसून गेलीय, तो जवळपास चांदीच्या भावात जातो. रुपयाचं वजन एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी, म्हणजे शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम, त्यावर थोडेफार वर. आणि हाच १८६२ चा रुपया टांकसाळीतून निघाला तसाच कुणाच्या तरी पेटीत पडून राहिला असेल, झग्यावरचा एकेक धागा दिसत असेल, मूळ चमक शाबूत असेल, तर त्याच्यासाठी संग्राहक लिलावात एकमेकांच्या वरचढ बोली लावतात. नाव दोघांचंही "१८६२ चा राणीछाप" हेच. बातमीत छापतात दुसऱ्याची किंमत, आणि वाचकाच्या घरात असतो पहिला.

आता चमक म्हणजे काय ते जरा नीट सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे आणि नाणी घासली जातात ती हे माहीत नसल्यामुळेच. टांकसाळीत धातूच्या चकतीवर प्रचंड दाबानं ठसा बसतो तेव्हा धातू थोडा वाहतो, मधून कडेकडे सरकतो, आणि त्याच्या अतिशय बारीक रेषा पृष्ठभागावर राहतात, नुसत्या डोळ्यांना त्या सुट्या दिसत नाहीत. पण नाणं दिव्याखाली हळूहळू तिरकं फिरवलं की उजेडाचा एक पट्टा नाण्यावरून गोल फिरतो, ग्रामोफोनची तबकडी उजेडात फिरवल्यावर फिरतो ना अगदी तसा. याला आमच्यात लस्टर म्हणतात. नाणं वापरात आलं की हा थर सगळ्यात आधी उंच भागांवरून जातो, मग हळूहळू सपाट जागेवरून. आणि पावडर लावून घासलं की एका फटक्यात सगळीकडून जातो. मग उरतो तो भांड्यासारखा सपाट पांढरा चकचकाट, फिरवलं तरी पट्टा फिरत नाही, आणि भिंगातून बघितलं की एकाच दिशेनं गेलेल्या बारीक बारीक ओरखड्यांचं जाळं दिसतं. घासलेलं नाणं जाणकाराला दोन सेकंदांत कळतं, तुम्ही काही सांगा अगर सांगू नका.

मध्यंतरी एक बाई १८४० चा रुपया घेऊन आल्या होत्या. कंपनीच्या काळातला, राणीच्या डोक्यावर मुकुट नसलेला, केसांचा अंबाडा घातलेला, मागे पानांच्या वेटोळ्यात वन रुपी आणि भोवती ईस्ट इंडिया कंपनी. त्याची झीज अगदी कमी होती, अंबाड्यावरची रिबीन स्पष्ट, केसांच्या बटा वेगवेगळ्या दिसत होत्या. पण आदल्या रात्री नातवानं तो प्रेमानं घासला होता, आजीला जास्त पैसे मिळावेत म्हणून. अक्षरांच्या कोपऱ्यांत पांढरी पावडर अजून अडकलेली होती आणि गालावर, मोकळ्या जागेत, सगळीकडे आडवे ओरखडे. मी त्यांना खरं तेच सांगितलं, की ठेवा जपून, आठवण म्हणून अमोल आहे, पण विकायला गेलात तर कालच्या निम्मेही मिळणार नाहीत. त्या पोराची यात काय चूक? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आकडा छापणाऱ्यांनीच सोबत हे सांगायला पाहिजे होतं.

चांदी काळी पडते म्हणजे खराब होते असा एक पक्का समज आहे आपल्याकडे. हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन वर थर येतो, तो आधी पिवळसर, मग तांबूस, निळसर, शेवटी काळा होत जातो. हा थर सारखा आणि शांतपणे आलेला असेल तर संग्राहकाला तो आवडतो, त्याला टोनिंग म्हणतात, आणि नाणं वर्षानुवर्षं कुणी छेडलेलं नाही याची ती बऱ्यापैकी खात्री असते. तांब्याचंही तेच. शिवराईवरचा तपकिरी किंवा काळपट हिरवा टणक थर म्हणजे तिची कातडी आहे. ती चिंचेच्या पाण्यात टाकली की तासाभरात गुलाबी-लाल दिसायला लागते, अंगावर बारीक खड्डे पडतात, आणि लोक खूश होऊन आणतात की बघा किती छान निघाली. छान नाही निघाली हो, सोलून निघाली.

घरच्या घरी कंडिशन कशी बघायची हे फार अवघड नाहीये. टेबलावर मऊ कापड पसरा, म्हणजे हातातून सुटलं तरी कडेला पोचा येणार नाही. नाणं दोन बोटांत फक्त कडेनं धरा, दोन्ही तोंडांना बोट लावू नका, घामाचे ठसे चांदीवर कायमचे उमटतात. वरचा ट्यूबलाइट बंद करा आणि एकच टेबल लॅम्प एका बाजूनं ठेवा. पाच ते दहा पट मोठं दाखवणारं भिंग पुरे, त्याहून मोठ्या भिंगातून चांगलं नाणंसुद्धा भयानक दिसतं. आणि मग नाण्याचा सगळ्यात उंच भाग कुठला ते शोधा, कारण झीज तिथून सुरू होते.

पंचम जॉर्जच्या रुपयाचं उदाहरण देतो, तो बहुतेक घरांत असतो. राजाच्या अंगावर झगा आहे, त्यावर गळ्यातल्या साखळीत छातीवर एक छोटा हत्ती आहे, नखाच्या टोकाएवढा. भिंग थेट त्या हत्तीवर न्या. सोंड, पाय, पाठीवरची झूल वेगवेगळी दिसत असेल तर नाणं फार कमी वापरलेलं आहे. हत्तीचा आकार कळतो पण आतलं काही दिसत नाही, म्हणजे मधली अवस्था. हत्तीच्या जागी नुसता उंचवटा राहिलाय म्हणजे रुपया बाजारात भरपूर फिरलाय. मग मुकुटाच्या मधल्या पट्टीतले खडे बघा, कान बघा, मिशी बघा. याच हत्तीची एक गोष्ट आहे, १९११ च्या पहिल्या रुपयात त्याची सोंड आणि पाय इतके आखूड झाले की लोकांना तो डुकरासारखा वाटला, केवढी ओरड झाली, रुपये मागे घेतले गेले आणि १९१२ पासून हत्ती सुधारून काढला. म्हणून १९११ च्या रुपयाला मागणी आहे. पण गंमत अशी की ज्या हत्तीमुळे हे सगळं झालं तोच झिजून गेलेला १९११ आणि तोच हत्ती कोरीव दिसणारा १९११ यांच्या किमतीत केवढं तरी अंतर पडतं, साल एकच असून. सातव्या एडवर्डच्या रुपयावर राजाच्या डोक्यावर मुकुट नाही, तिथे कानावरचे केस आणि दाढी बघायची.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी, की पुसट दिसणारं सगळंच झिजलेलं नसतं. काही वेळा टांकसाळीतच ठसा कमी दाबानं बसतो आणि मधला भाग अस्पष्ट राहतो. अशा पुसट जागेवर लस्टर शाबूत असेल तर ती झीज नाही, कच्चा ठसा आहे. झिजलेल्या जागेचा रंग वेगळा असतो, मंद, करडा, तिथे उजेडाचा पट्टा तुटतो. तसंच न वापरलेल्या नाण्यावरही छोटे पोचे असतात, कारण टांकसाळीत नाणी पोत्यांत भरताना एकमेकांवर आपटतात. हे पोचे कमी का जास्त, आणि राजाच्या गालावर का कुठल्या तरी कोपऱ्यात, यानेही ग्रेड, म्हणजे कंडिशनचा दर्जा, खालीवर होते.

ग्रेडची नावं इंग्रजीच चालतात सगळीकडे. गुड, व्हेरी गुड, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन, अबाउट अनसर्क्युलेटेड आणि सगळ्यात वर अनसर्क्युलेटेड. इथे नवख्या माणसाची फसगत होते, म्हणून मुद्दाम सांगतो, या यादीतलं गुड म्हणजे जवळजवळ सपाट झालेलं नाणं, साल आणि बाह्यरेषा तेवढी कळते. ऑनलाइन कुणी "गुड कंडिशन" लिहून फोटो टाकला तर विचारा की ग्रेड म्हणून गुड का बोलायचं म्हणून गुड. याशिवाय १ ते ७० आकड्यांची एक पट्टी आहे, अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तिथल्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी तयार केली, आता जगभर सगळ्याच नाण्यांना लावतात. २० ते ३५ व्हेरी फाइन, ४० आणि ४५ एक्स्ट्रीमली फाइन, ५० ते ५८ अबाउट अनसर्क्युलेटेड, आणि ६० पासून पुढे न वापरलेली. त्यातही ५८ चं नाणं, ज्याला नुसता वारा लागल्यासारखी झीज आहे, ते बऱ्याचदा ६० च्या पोचे पडलेल्या नाण्यापेक्षा दिसायला कितीतरी सुंदर असतं, मी स्वतः तरी ५८ वालंच घेईन. प्रूफ ही ग्रेड नाही बरं का, ती बनवायची पद्धत आहे, चकती आणि ठसे खास घासूनपुसून, संग्राहकांसाठी पाडलेलं नाणं.

ही सगळी पट्टी मशीनवर पाडलेल्या नाण्यांसाठी ठीक आहे. पण आपल्या महाराष्ट्रात शिवराई, अंकुशी रुपया, चांदवडी रुपया अशी हातानं पाडलेली नाणीही घरोघर निघतात, त्यांना ती सरळ लावता येत नाही. तिथे ठसा मोठा आणि चकती लहान असायची, कारागीर चकती ठेवून वरून हातोडा मारणार, मग अक्षरं अर्धी बाहेर गेली तर गेली. शिवराईवर एका बाजूला तीन ओळींत श्री राजा शिव आणि दुसऱ्या बाजूला छत्रपति, पण एकाच शिवराईवर दोन्हीकडची सगळी अक्षरं मिळणं म्हणजे नशीब लागतं. तर एखाद्या शिवराईवर "श्री" दिसत नाही म्हणून ती झिजली असं नसतं, ती जन्मतःच तशी. अशा नाण्यात बघायचं ते की जी अक्षरं चकतीवर आलीत ती किती टोकदार आहेत, ठसा मधोमध बसलाय का, कडा फाटलीय का, चकती किती भरीव आहे. जुन्या रुपयांवर सराफांनी चांदी खरी आहे का बघायला मारलेल्या खुणा असतात, त्याने किंमत थोडी उतरते पण मला त्या वाईट वाटत नाहीत, तो त्या नाण्याच्या व्यवहाराचा पुरावाच आहे. फक्त खूण राजाच्या नावावर किंवा टांकसाळीच्या नावावर पडली असेल तर मग वाचायलाच काही राहत नाही.

आपल्याकडची आणखी एक खास गोष्ट म्हणजे कडी. रुपयांच्या माळा करायची पद्धत होती, प्रत्येक रुपयाला वर डाग देऊन, म्हणजे धातू वितळवून जोडून, कडी लावायची. पुढे माळ मोडली, कड्या काढल्या, घासून जागा सपाट केली, आणि तो रुपया सुटा नाणं म्हणून फिरतोय. कडा बघितल्याशिवाय हे कळत नाही. नाणं उभं धरून कडेवरच्या बारीक खाचा गोल फिरवत बघत जा, घड्याळात बारा असतात त्या जागेच्या आसपास कुठे खाचा अचानक गुळगुळीत झाल्यात, किंवा तिथे चांदीचा रंग जरा पिवळट आहे, म्हणजे तिथे कडीचा डाग होता. समोरून कितीही देखणं असो, अशा नाण्याची गणना खराब केलेल्यांत होते. फोटोत कडा कधीच दिसत नाही, म्हणून ऑनलाइन घेताना कडेचा फोटो आणि नाणं तिरकं फिरवतानाचा छोटा व्हिडिओ मागा, समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत ओरखडेही लपतात आणि लस्टरही खोटी वाटते. देत नसेल तर सोडून द्या, नाणी पुष्कळ आहेत.

नकली नाण्यांबद्दल थोडक्यात. वजन काट्यावर करा, ११.६६ च्या फार खाली आणि झीज मात्र दिसत नाही असं असेल तर संशय घ्या. ओतीव नकलेच्या अंगावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे आणि कडेला जोडाची रेघ दिसते. १९३९ चा चांदीचा रुपया फार कमी मिळतो म्हणून त्याच्या नकला खूप आहेत, तो जाणकाराला दाखवल्याशिवाय घेऊ नका. १९४० पासून रुपयात चांदी निम्मीच केली होती, त्यामुळे ती नाणी जरा वेगळी, मळकट दिसतात, त्यावरून नकली ठरवू नका. आणि १९४७ चा वाघाचा रुपया लोहचुंबकाला चिकटला म्हणून घाबरू नका, तो निकेलचाच आहे. आवाज ऐकायला नाणं फरशीवर आपटायची जुनी सवय मात्र सोडा, एका आपटीत कडेला कायमचा पोचा येतो.

हल्ली परदेशी कंपन्यांकडून ग्रेड करून प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत घातलेली नाणी मिळतात, त्याला स्लॅब म्हणतात. चांगली सोय आहे, विशेषतः महाग नाण्यांना, आणि घासलेल्या नाण्याला तिथे आकडाच देत नाहीत, नुसतं डिटेल्स आणि क्लीन्ड असं लिहून परत पाठवतात. पण स्लॅबही खोटे निघालेत, त्यामुळे वरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून फोटो जुळतो का ते बघणं भाग आहे. आणि एक कायद्याची गोष्ट, जी फार थोड्यांना ठाऊक असते. पुरावस्तू व बहुमूल्य कलावस्तू कायदा १९७२ चा आहे, त्यात शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं पुरावस्तूत मोडतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे राणीचा रुपया ग्रेड करायला म्हणून कुरियरनं अमेरिकेला पाठवायच्या भानगडीत पडू नका. तसंच शेतात किंवा जुना वाडा पाडताना हंडा सापडला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या मूल्याचं काहीही जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि तेही न धुता, कारण नाण्यांवरच्या मातीवरून आणि ती कशी एकमेकांना चिकटलीत यावरून अभ्यासकांना फार काही समजतं.

घरातली नाणी फक्त नीट ठेवली तरी खूप झालं. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळू नका, रबरबँड लावू नका, दोन्हींतल्या गंधकानं चांदी डागाळते. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटांत काही वर्षांनी नाण्यांवर हिरवा चिकट थर येतो, तो आलाच तर शुद्ध ॲसिटोनमध्ये थोडा वेळ बुडवून, न चोळता, बाहेर काढायचं, आणि ते करताना जवळपास गॅस पेटलेला नको. कोकणात राहणाऱ्यांनी डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी. पूजेत ठेवायचे तर ठेवा ना, आमच्याही घरी ठेवतात, पण चांगल्या अवस्थेतले दोन-तीन बाजूला काढा आणि हळदीकुंकवाला, पंचामृताला झिजलेले घ्या, लक्ष्मी त्यानं रागावणार नाही.

डोळा तयार करायचा तर चांगली नाणी बघत राहणं याला पर्याय नाही. मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं नाण्या-नोटांचं संग्रहालय आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. मुलांना घेऊन जा, तासभर बघा, मग घरातला रुपया परत हातात घ्या, तो वेगळाच दिसेल.

आता संपादक महोदय, मूळ मुद्द्यावर येतो. ज्या बातम्यांबद्दल मी म्हणतोय त्यातल्या कितीतरी वैष्णोदेवीच्या पाच-दहा रुपयांच्या नाण्याच्या असतात. ते नाणं काही वर्षांपूर्वीच सरकारनं काढलेलं, किराणा दुकानात सुट्ट्यात मिळत होतं, त्याचे लाखो रुपये कोण देणार? असल्या बातम्यांच्या मागोमाग फसवणारे येतात, फोन करून सांगतात की तुमच्या नाण्याला गिऱ्हाईक तयार आहे, आधी रजिस्ट्रेशन फी भरा, मग टॅक्स भरा, आणि वर रिझर्व्ह बँकेचं नाव आणि लोगो वापरतात. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेलाच निवेदन काढावं लागलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आमचा काहीही संबंध नाही, आम्ही कुणाकडून फी किंवा कमिशन मागत नाही. त्या निवेदनाची बातमी तुमच्यासारख्या पेपरांनी छापली होती, चांगलं केलं होतं, पण नंतर लखपतीच्या बातम्या पुन्हा सुरूच.

माझी मागणी मोठी नाहीये. नाण्याच्या किमतीची बातमी छापायचीच असेल तर त्यात चार गोष्टी येऊ द्या. नाण्याची ग्रेड काय होती आणि ती कुणी ठरवली. दोन्ही बाजूंचे फोटो, नुसत्या राजाच्या तोंडाचा नको. नाणं घासू नका ही एक ओळ, ठळक अक्षरांत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो लाखांचा आकडा लिलावात कुणी खरोखर मोजलेला आहे, का कुठल्या तरी साइटवर एखाद्यानं नुसता मागितलेला आहे, कारण मागायला काय, मी माझ्या झिजक्या १८६२ ला एक कोटी मागू शकतो, त्याची बातमी होत नाही.

आपला,
एक नाणेसंग्राहक वाचक, सातारा